बोट दुमडा

आमच्या बँडमध्ये आम्ही तिघंच. मी बेस गिटार वाजवायचे, एक ड्रमर आणि एक गायक. सराव चिखलीत, ड्रमरच्या मोठ्या भावाच्या वर्कशॉपमध्ये. तो आम्हा सगळ्यांचा दादा. चाकणला कंपनीत असताना त्याचं एक बोट प्रेस मशीनखाली तुटलं होतं. त्यावर गायकाने गाणं लिहिलं आणि आधी त्यालाच ऐकवलं. दादाने ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग म्हणाला, "खरं लिहिलंय राव. म्हणा."

सुरुवातीला लोक ते शांतपणे ऐकायचे. हिंजवडीच्या एका कॅफेत तर दोघं-तिघं रडले होते. मग कुणीतरी एक बोट दुमडून त्या गाण्यावर नाचतानाचं रील टाकलं आणि बघता बघता जो तो तसाच नाचायला लागला. मला किळस आली. गायक मात्र खूश. "अगं, लोक ओळखायला लागलेत आपल्याला!" पुढच्या कार्यक्रमात तो स्वतःच माइकवर ओरडला, "बोट दुमडा!"

वाकडच्या मॉलमध्ये आमचा कार्यक्रम होता, तेव्हा गायकाच्या बोलावण्यावरून दादा आला. इस्त्रीचा शर्ट घालून, वहिनीला घेऊन. गर्दी हात वर करून, बोटं दुमडून किंचाळत होती. गायकाला तो दिसला.

"ज्याच्यावर हे गाणं आहे तो भाऊ इथेच आहे! भावा, वर ये. दाखव हात, ओरिजिनल!"

शिट्ट्या पडल्या. एका मुलीने मोबाइल थेट दादाच्या हातापुढे धरला. त्याने हात खिशात घातला. ड्रम थांबले. ड्रमर स्टेजवरून उतरला आणि भावाला धरून बाहेर निघाला. लोकांना तोही कार्यक्रमाचाच भाग वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी गिटारची केबल उपसली. "वेडी आहेस का? लाइव्ह चालू आहे," गायक ओठ न हलवता पुटपुटला. कॅमेऱ्यासाठी तो अजून हसतच होता. मी गिटार तिथेच ठेवली आणि त्या दोघांच्या मागे धावले.

पार्किंगमध्ये वहिनी रडत होती. दादा मला म्हणाला, "तू कशाला आलीस? मला वाटलं, ऐकायला बोलावलंय."

बँड जोरात आहे. माझ्या आणि ड्रमरच्या जागी नवी माणसं आलीत. चार बोटांचा पंजा छापलेले टी-शर्टही निघालेत. परवा आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये एकाच्या अंगावर दिसला. मी मधल्याच मजल्यावर उतरले आणि जिन्याने घरी गेले.