पपांच्या होडीची क्लिप

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. इंजिनिअर झाले आणि सातिवलीच्या एका कारखान्यात नळाचे सुटे भाग तपासायच्या कामाला लागले. दिवसभर एकेक भाग हातात घ्यायचा, खोटा निघाला की बाजूला टाकायचा. हे सांगताना माझी मान ताठ होते. अजूनही.

म्हणून पपांच्या होडीतही मी तपासायलाच उतरले. फायबरची छोटी होडी. तळाला एक भोक, भोकाला व्हॉल्व्ह, व्हॉल्व्हवरून रबरी पाइप इंजिनाकडे. त्यातून खाडीचं पाणी येतं आणि इंजिन थंड राहतं. व्हॉल्व्ह साध्या पितळेचा, खाऱ्या पाण्यानं खाऊन तांबूस पडलेला. आणि पाइप पपांनी चक्क नायलॉनच्या दोरीनं आवळला होता, जाळ्याला मारतात तशा गाठी मारून.

"पपा, हा सुटला तर होडी तळाला जाईल."

"तुझ्या वयाची दोरी हाय ती."

"म्हणूनच बदलायची."

"मंग तुला पन बदलू?"

मी ऐकलं नाही. चांगला कांशाचा व्हॉल्व्ह आणला, पाइप आवळायला दुकानातून चकचकीत क्लिप आणली. दोरी माझ्या हातानं कापली. पपांना बजावलं, होडी सोडून येताना व्हॉल्व्हचं हँडल आडवं करायचं, पाणी बंद.

चार दिवस त्यांनी केलं. पाचव्या दिवशी निघताना हँडल उघडायला विसरले. भर खाडीत इंजिन तापलं, दुसऱ्यांनी होडी ओढून आणली. सगळं बंदर हसलं. "शिकलेल्या पोरीनं बापाचं पानीच तोडलं रं!" त्यानंतर हँडल कायम उघडंच, पपांनी त्याला हात लावला नाही. मीही लाजेनं पुन्हा विषय काढला नाही.

दोन पावसाळे गेले.

रविवारी आमच्याकडे कोणी समुद्रावर जात नाही. सकाळी सगळे चर्चमध्ये मिस्साला, बंदर मोकळं. मिस्सा सुटल्यावर पपा न्याहारीआधी होडीकडे एक नजर टाकून येतात. त्या रविवारी मीही सोबत गेले. भरती पुरी लागली होती. बाकीच्या होड्या डुलत होत्या. आमची डुलत नव्हती. मागची बाजू पाण्याशी टेकली होती.

छोट्या नावेतून आम्ही पोचलो. आत गुडघाभर पाणी. इंजिनावर लाकडी झाकण, झाकणावर शनिवारची ओली जाळी. दोघांनी ओढली, वीतभर सरकली. मी ओरडत होते, "हँडल आडवं करायचं, पपा, फक्त आडवं!" जणू त्यांना ते माहीत नव्हतं. हात झाकणाच्या फटीत जेमतेम बोटांपर्यंत जात होता.

"होडी कलते बाय, सोड."

मी सोडलं नाही. पपांनी कोपराला धरून मला नावेत ओढलं. होडी आवाज न करता खाली गेली. शेवटी पुढचं टोक तेवढं वर राहिलं. मी ते दोन्ही हातांनी धरून बसले, रविवारच्या नव्या कपड्यांत. एवढं शिकून मला तेवढंच सुचलं.

ओहोटीला होडी चिखलात बसली, तेव्हा झाकण उघडलं. पाइप सुटला होता. क्लिपची पट्टी पहिल्या दिवसासारखी चकचकत होती. तिचा स्क्रू मात्र गंजून चुरा झाला होता. पट्टी न गंजणारी, स्क्रू साध्या लोखंडाचा. घेताना चुंबक लावलं असतं तर तिथंच कळलं असतं. कारखान्यात माझ्या ड्रॉवरमध्ये चुंबक असतं.

पपांनी क्लिप उलटसुलट केली. "पट्टी चांगली हाय," म्हणाले. बस, एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

इंजिनात खारं पाणी गेलं ते गेलंच. ते पुन्हा धड चाललं नाही. आता पपा दुसऱ्यांच्या होडीवर खलाशी म्हणून जातात. त्या होडीचा पाइप कशानं बांधलाय, मी एकदा विचारलं. चहा पिता पिता म्हणाले, "त्यांची होडी, बाय. आपन कसं विचारायचं?"

मी एक लाकडी बूच तासून घेतलं. पाइप सुटला तर भोकात ठोकायला. ते रोज त्यांच्या डब्याच्या पिशवीत टाकते. पपा नाही म्हणत नाहीत.

माप मात्र आमच्या होडीचं आहे. त्यांच्या होडीचं भोक केवढं, मला माहीत नाही.