मावशीची वडी

बावीस वर्षं लोकांची डोकी धुतलेल्या बाईला कुणी हाताचं वय सांगू नये. पार्लरमध्ये तिला सगळे मावशी म्हणत. केस कापायला, रंगवायला दुसऱ्या पोरी होत्या, पण बेसिनवर मावशीच. त्यातही तेलकट डोकं आलं की ती खुलायची. खिळ्यानं भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डबीत तिची शाम्पूची वडी असे, स्वतः विकत आणलेली. वडी केसांवर घासायची नाही, ओल्या तळव्यांत फिरवायची. फेस फक्त मुळांना लावायचा, तोही पेरांनी. मग बोटांखाली केस करकर वाजेपर्यंत पाणी. वडी परत डबीत, कोरडी व्हायला. असं धुतलेलं डोकं तीन दिवस तेलाचं नाव काढत नसे.

मालकीणबाईंना मात्र ती डबी बघवत नव्हती. त्यांनी फुलाच्या आकाराच्या गुलाबी वड्या आणल्या, म्हणे तेलकट केसांसाठी खास! मावशीनं एक तळव्यावर फिरवून बघितली.

"मॅडम, हा अंगाचा साबण आहे. आपलं पाणी बोअरचं, जड. केसांवर थर बसेल."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं? सांगितलंय तेवढं करा."

डबी कचऱ्याच्या बादलीत गेली. मावशीनं ती गुपचूप काढून पिशवीत टाकली.

व्हायचं तेच झालं. गुलाबी वडीनं डोकं धुवून गेलेल्या बँकेतल्या कॅशियरबाई आठवड्यानं मेणचट केस घेऊन तणतणत आल्या. भरल्या पार्लरमध्ये मालकीणबाई खुशाल म्हणाल्या, "वय झालंय हो त्यांचं, हात चालत नाही आता. उद्या या, दुसरी धुवून देईल. मावशी फरशी पुसतील."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. थर बसवला हिच्या साबणानं आणि खापर फुटलं आपल्या हातांवर! बेसिन गेलं तर आपण उरलो कुठे?

दुसऱ्या दिवशी तिनं हातात दिलेला पोछा कोपऱ्यात भिरकावला आणि बेसिनची खुर्ची मालकीणबाईंकडे वळवली.

"बसा मॅडम. हात चालत नाही ना माझा? बघूच."

कॅशियरबाईंसकट सगळ्या गिऱ्हाइकांच्या माना वळल्या. आता नाही म्हणायची सोय नव्हती. मावशीनं मालकीणबाईंच्या डोक्याची उजवी बाजू डबीतल्या वडीनं धुतली, डावी गुलाबी वडीनं. हात तेच, पाणी तेच. केस वाळवून कंगवा घातला. उजवीकडे सुळकन गेला. डावीकडे अडकला आणि बाहेर आला तो दातांत पांढुरका चिकटा घेऊन. कॅशियरबाईंनी कंगवा हातात घेऊन नीट बघितला.

"ही बाजूपण धुवून टाका आता," मालकीणबाई कुजबुजल्या.

"धुते की." मावशीनं डबीतली वडी उचलली, नळावर हात ठेवला. "आधी काल माझ्या हातांबद्दल बोललात, ते चुकलं म्हणा."

मालकीणबाई काहीतरी पुटपुटल्या.

"मोठ्यानं, मॅडम. काल बोललात तेवढ्या मोठ्यानं."

नळ अजून बंदच होता.