नाव न घेता

माझं शिक्षण चौथीपर्यंत. साठी उलटल्यावर अमेरिकेत मुलाकडे राहायला आले आणि तिथे रेडिओवर बोलू लागले. कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मुलाच्या गावी, श्रूजबरीत, आल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात माझं पित्ताशय काढलं. हॉस्पिटलात उशीशेजारी एक लहानसा स्पीकर लटकवलेला असे. त्यातून हॉस्पिटलचा स्वतःचा रेडिओ ऐकू यायचा. तो इमारतीच्या बाहेर जात नसे. चालवणारे सगळे फुकट काम करणारे, बहुतेक रिटायर लोक. त्यांच्यातला मुख्य म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेला एक उंच म्हातारा. मी त्याला मनातल्या मनात पोस्टमनच म्हणायची. तो वॉर्डात फिरून कुणाला कोणतं गाणं हवं ते विचारून जायचा. मला विचारलं तर मी म्हटलं, "नो." दुसऱ्या दिवशी त्याने माझ्यासाठी म्हणून एक आपल्याकडचं गाणं लावलं. ते तमिळ होतं की तेलुगू, मला आजही माहीत नाही. सून भेटायला आली तेव्हा मी म्हटलं, "त्याला सांग, हे माझं नाही." तिने सांगितलं. तो म्हणाला, "मग बरं वाटल्यावर तुमचं तुम्हीच येऊन लावा."

सुनेने ते धरून ठेवलं. "आई, खरंच जा ना. दिवसभर घरात बोअर होता तुम्ही." मी बोअर होत नव्हते, ती माझ्यामुळे होत होती. पण त्यात दोघींचंही भलं होतं म्हणून गेले. हॉस्पिटलवाल्यांनी माझं रक्त तपासलं, फ्लूची लस टोचली आणि गळ्यात फोटोचं कार्ड अडकवलं. फोटोत मी चोरासारखी दिसते.

शनिवारी दुपारी बारा ते साडेबारा माझा कार्यक्रम. पेशंटांच्या जेवणाची वेळ, कारण इतर वेळा आधीच घेतलेल्या होत्या. पोस्टमनचं इंग्रजी मला निम्मं कळायचं, माझं त्याला त्याहून कमी. काम चालायचं. आधी मी वॉर्डात फिरून आपली माणसं शोधायची. कधी एकही नसायचं. कधी गुजराती काका भेटायचे, त्यांना भजन हवं असायचं. अपेंडिक्स काढलेला पुण्याचा एक मुलगा म्हणाला, "काकू, यार, काहीतरी फास्ट लावा. भजनाने मला वाटतं मी गेलोच." मग खाली जिन्याखालच्या खोलीत बसून मी सगळं सांगायची. तिसऱ्या मजल्यावर अमुक काका आहेत, मूतखडा होता, काल पडला. त्यांच्यासाठी हे गाणं. नाव, गाव, आजार, सगळं. आतल्या आत राहायचं, कुणाला काही वाटायचं नाही. मध्ये मी तिथी सांगायची, मेथी कितीला मिळाली ते सांगायची. वाचून दाखवणं मला जमत नाही, अडखळते. म्हणून जे तोंडी येतं तेच बोलायची.

पोस्टमन एकदा म्हणाला, आपला धंदाच उलटा आहे, ऐकणारा बरा झाला की आपल्याला सोडून जातो. मी म्हटलं, बरा नाही झाला तरी जातोच. तो बराच वेळ हसला. मी हसण्यासारखं काही बोलले नव्हते.

मग हॉस्पिटल वाढलं. प्रत्येक खाटेला टीव्ही आला, आणि जिन्याखालची खोली त्यांना दुसऱ्या कामाला हवी झाली. पोस्टमनने सरकारकडे एका लहान स्टेशनच्या परवान्यासाठी अर्ज केलेला होता, तो मंजूर झाला. गावच्या लायब्ररीने मागची खोली दिली, छपरावर एक काठीएवढा अँटेना उभा राहिला, आणि हॉस्पिटलचा रेडिओ गावाचा रेडिओ झाला. काही जण सोडून गेले. त्यांचं म्हणणं, आम्ही आजाऱ्यांसाठी आलो होतो, गावाची करमणूक करायला नाही. माझं काही म्हणणं नव्हतं. लायब्ररी आमच्या घरापासून जवळ होती.

पण नियम बदलले. दुकानाचं नाव आणि भाव सांगायचा नाही, ती जाहिरात होते. आणि पेशंटचं नाव, आजार, खाट यातलं काहीही बोलायचं नाही, कारण आता गाव ऐकतंय. हॉस्पिटलने पोस्टमनला बजावलं होतं की एक जरी नाव बाहेर गेलं तर तुमचा आमचा संबंध संपला. तो प्रत्येकाला हे दोन दोनदा सांगायचा. मजा अशी की हॉस्पिटलच्या जाड भिंतींमधून आमचं नवं स्टेशन आत नीट लागतच नव्हतं. खिडकीपाशी ठेवलेल्या रेडिओवर तेवढं लागायचं.

फेब्रुवारीत एका शुक्रवारी घरी फोन आला. नागपूरच्या एक बाई, माझ्याच वयाच्या. इंडियन दुकानात ओळख झालेली. त्यांच्या मिस्टरांना अर्धांगाचा झटका येऊन महिना होत आला होता. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. बाई रोज जाऊन त्यांना भरवायच्या. पण त्यांना खोकला झाला, आणि फ्लूचे दिवस म्हणून खोकणाऱ्यांना हॉस्पिटलात दारातूनच परत पाठवत होते.

"ताई, ते काहीच खाऊन नाही राहिले," त्या म्हणाल्या. "गिळता येतं, डॉक्टर म्हणतात. पण तोंडच उघडत नाहीत. पोरगा भरवतो तर दात आवळून घेतात. सोमवारपर्यंत खाल्लं नाही तर पोटाला भोक पाडून नळी टाकतो म्हणतात."

"फोनवर बोला ना त्यांच्याशी."

"नर्सने कानाला लावला तर तोंड फिरवलं. फोनवर कुणी बोललं की उलट बोलावं लागते ना जी. त्यांना बोलता येत नाही, त्याची लाज वाटते."

मी म्हटलं, "रेडिओला उत्तर द्यावं लागत नाही."

हे फार विचार करून बोलले नव्हते. पण बोलल्यावर ते खरं वाटलं. त्यांचा मुलगा कंप्युटरवाला, तो म्हणाला, मी आईचं बोलणं रेकॉर्ड करून घेऊन जातो. बाई म्हणाल्या, "त्या टेपला काय कळणार, ताट आलं का नाही ते?" ते मलाही पटलं. माझा कार्यक्रम जेवणाच्याच वेळी होता.

पोस्टमनला सांगितलं तर तो घाबरला. नाव गेलं तर? मी म्हटलं, "या बाई नवऱ्याचं नाव घेणार नाहीत." त्याला वाटलं, मी त्यांना ताकीद दिलीय. तरीही त्याने स्वतःचा ट्रान्झिस्टर दिला. मुलाने तो हॉस्पिटलात नेऊन खाटेजवळच्या खिडकीत ठेवला.

शनिवारी सून बाईंना लायब्ररीत घेऊन आली. लोकरीची टोपी, त्यावर शाल, तोंडात खडीसाखर. माइक पाहून त्या खुर्ची मागे ओढून बसल्या. मी सुरू केलं, "आज पाहुण्या आल्यात. नागपूरच्या आहेत. नाव विचारू नका, मी सांगणार नाही. काय बाई, आज काय केलं स्वयंपाकाला?"

"काय करणार एकटीला. वरणभात."

"फोडणी?"

"लसणाची. इथला लसूण म्हणजे नुसता दिसायला मोठा."

मग त्या लसणावर बोलल्या, बर्फावर बोलल्या. मध्ये खोकल्या. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यांचं लक्ष होतं. ताट यायची वेळ झाली तशा त्या माझ्याकडची नजर काढून माइककडे वळल्या आणि अशा बोलल्या, जसं माणूस स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत हाक मारतं.

"अहो! ऐकलं का? ताट आलं असेल. किती वेळा बोलवायचं हो माणसाने? थंडगार करून खाता अन् मग म्हणता चव नाही."

मी माइक त्यांच्याकडे सरकवला.

"अळणी असते, मला माहीत आहे. ते लोक मीठ घालत नाहीत, त्याला मी काय करू? अहो, तोंड उघडा. पोरगा चमचा धरून उभा आहे. अन् मी रुसून घरी नाही बसली बाप्पा. मला येऊ देत नाहीत. खोकला ऐकला ना आत्ता? तो थांबला की आलीच समजा. तोवर कुणाच्याही हातचं खा."

काचेपलीकडे पोस्टमन उभाच राहिला होता. तो दार अर्धं उघडून हळूच मला म्हणाला, "ते 'अहो' आहे ना, ते पेशंटचं नाव आहे का?"

मी म्हटलं, "नाही. सगळ्या नवऱ्यांना तेच म्हणतात."

"किती नवऱ्यांना?"

"ऐकत असतील तेवढ्या."

तो दार लावून गेला. त्याचं समाधान झालं की नाही, कोण जाणे.

तेवढ्यात टेबलावरच्या फोनचा दिवा लागला. मी घेतला. बाईंचा मुलगा होता. "काकू, खातायत. प्लीज आईला म्हणावं थांबू नको." मागे बाईंचाच आवाज ऐकू येत होता, खिडकीतल्या रेडिओतून. मला ते माइकवर सांगता येईना, पेशंटची गोष्ट होती. मी फोन ठेवला आणि म्हटलं, "बोला बाई. थांबू नका. वरणभात संपेपर्यंत बोला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शाल सारखी केली. मग माइकला विचारलं, "दही दिलं का? दही आधी नका खाऊ, शेवटी खा. घाई करू नका, ठसका लागतो."

साडेबारापर्यंत त्या बोलत होत्या. मी त्या दिवशी एकही गाणं लावलं नाही. त्याबद्दल दोन जणांनी तक्रार केली. आणखी एकाचा फोन आला, बोलण्यावरून मुंबईचा असावा. "काकू, मी सोफ्यावर पडलो होतो, तो उठून पानावर जाऊन बसलो. बायको म्हणते, आता रोज तुमच्या रेडिओवरूनच हाक मारते." मी म्हटलं, "जेवलात ना? मग ठेवा फोन."

रविवारी बाई पुन्हा येणार होत्या, पण रविवारी आमच्या वेळेला चर्चचा कार्यक्रम असे. पोस्टमनने त्यातली दहा मिनिटं मागून घेतली. चर्चवाले भले होते, त्यांनी विचारलंही नाही, दहा मिनिटं एक बाई खोकत खोकत काय सांगत होती ते. रविवारीही मिस्टर जेवले. सोमवारी नळी घातली नाही. पुढच्या शनिवारपर्यंत बाईंचा खोकला गेला आणि त्या स्वतः हॉस्पिटलात गेल्या. माझ्याकडे आल्या नाहीत. मला मात्र खोकला लागला तो आठवडाभर पुरला. मी मेथीवर बोलले, भाव न सांगता.

उन्हाळ्यात त्यांनी मला आणि सुनेला एका रविवारी जेवायला बोलावलं. मिस्टर घरी आले होते. खुर्चीत बसून डाव्या हाताने जेवत होते, सांडत होते; हात थकला की बाई येऊन भरवायच्या. मला पाहून त्यांनी मान हलवली. बोलले नाहीत, बोलणं शेवटपर्यंत आलं नाही. बाई स्वयंपाकघरातून त्यांच्यावर ओरडत होत्या. पोळी फार जाड झाली होती, ते मी बोलून दाखवलं.

जेवणं झाल्यावर बाईंनी फ्रीजवरून तो ट्रान्झिस्टर काढून माझ्या हातात दिला. "ताई, हा त्या म्हाताऱ्या बाबांचा ना. परत देऊन द्या. अन् राग नका मानू, शनिवारी आम्ही रेडिओ लावत नाही."

"का?"

"तो लागला की हे रेडिओकडे बघून तोंड उघडतात. मी इथं घास धरून उभी, अन् हे तिकडं बघून राहिले."

मिस्टर खाली बघून दहीभात कालवत होते. त्यांच्या ओठांचा डावा कोपरा हलला. ते हसले असावेत.

मी ट्रान्झिस्टर पिशवीत घातला आणि दुसऱ्या दिवशी पोस्टमनला नेऊन दिला.