आवाज गेल्यानंतरची शिकवणी

काका गेल्या श्रावणात गेले. त्यांचा आवाज मात्र त्याच्या कितीतरी आधी गेला होता.

ते माझ्या बाबांचे कॉलेजपासूनचे मित्र. नोकरी बँकेत, जीव गाण्यात. मोठमोठ्या मैफली त्यांनी कधी केल्या नाहीत. ओळखीच्यांच्या घरी, देवळात, एखाद्या गणेशोत्सवात गायचे आणि संध्याकाळी सदाशिव पेठेतल्या आपल्या लहानशा फ्लॅटमध्ये मुलांना शिकवायचे. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. रविवारी सकाळी दोघं आमच्याकडे कर्वेनगरला पोहे खायला यायची. अशाच एका रविवारी मी आतल्या खोलीत टीव्हीवरच्या साबणाच्या जाहिरातीचं गाणं म्हणत होते. तिसरीत असेन. काका बशी हातात घेऊन दारात येऊन उभे राहिले.

"जाहिरात भिकार आहे," ते म्हणाले, "पण सूर बरा लागतोय. उद्यापासून येत जा."

मग बाबा मला स्कूटरवरून पेठेत न्यायला लागले. मी आत शिकायची, ते गॅलरीत पेपर वाचत बसायचे. काका एखादी जागा, म्हणजे सुरांची छोटीशी लकेर, गाऊन दाखवायचे आणि मी तशीच्या तशी म्हणायची. कौतुक असं कधी नसायचंच. फार झालं तर "बरं." चुकलं की मात्र एकदम आदराने बोलायचे. "अहो विदुषी, तो तानपुरा आपल्यासाठीच वाजतोय. त्याच्याकडेही जरा लक्ष असू द्या."

कॉलेजात असताना आमच्या सोसायटीच्या गणपतीत मी पहिल्यांदा तासभर गायले. लोक येऊन सांगत होते, डोळे मिटले की काकाच गातायत असं वाटतं. बाबा खूश, मी तर हवेत. काका स्कूटरला किक मारता मारता म्हणाले, "माझं गाणं मला येतं. ते ऐकायला मी इतक्या लांब कशाला येऊ?"

मला ते फार लागलं. पुढचे काही दिवस मी शिकायलाही गेले नाही. इतकी वर्षं त्यांच्यासारखं गाता यावं म्हणून तर सगळं चाललं होतं.

मला हिंजवडीत नोकरी लागली त्याच सुमारास काकांचा आवाज बसला. आधी सर्दीवर ढकललं, मग काढे झाले, मग तपासण्या. गळ्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्राचा बराचसा भाग काढावा लागला. जीव वाचला, पण आवाजाच्या जागी नुसती कुजबुज राहिली.

शिकायला येणाऱ्या मुलांना त्यांनी स्वतःच दुसऱ्या गुरुजींकडे पाठवून दिलं. पेटी खोळ घालून कोपऱ्यात गेली. आमच्याकडे रविवारी येणंही थांबलं. अखेर एका शनिवारी दुपारी बाबा मला म्हणाले, "चल, नुसतं बसून येऊ."

तसे आम्ही नुसते बसलो. काकूंनी चहा दिला. बाबा एकटेच बोलत होते, मेट्रोबद्दल, खड्ड्यांबद्दल, कुणाच्या तरी मुलाच्या लग्नाबद्दल. काका खिडकीबाहेर बघत होते. बोलण्यासारखं सगळं संपल्यावर बाबा मला म्हणाले, "गा काहीतरी."

ज्याचा आवाज गेलाय त्याच्यासमोर गायचं? मी काकूंकडे पाहिलं. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी हळूच मान हलवली. मोबाइलवर तानपुरा लावून मी भीमपलास सुरू केला, अर्थातच काकांच्या ढंगाने. बराच वेळ ते हलले नाहीत. मग उठले, पेटीवरची खोळ काढली आणि माझ्यासमोर येऊन बसले.

त्या दिवसापासून दर शनिवारी पुन्हा शिकवणी सुरू झाली आणि बाबाही पूर्वीसारखे गॅलरीत पेपर घेऊन बसायला लागले. काका पेटीवर जागा वाजवायचे. पण पेटीचे सूर सुटे सुटे असतात. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यातून निघत नाही. मग काका हवेत हात फिरवून दाखवायचे. हात सावकाश खाली यायचा, मध्येच जरा रेंगाळायचा आणि टेकायचा. तो हात बघून मी गायचं. "नाही," ते ओठांनी म्हणायचे. "पुन्हा." कित्येक महिने मला काही जमेना. परतताना बसमध्ये बाबांना दिसू नये म्हणून खिडकीकडे तोंड करून मी रडायची.

एकदा वैतागून मी बोलून गेले, "काका, तुम्ही एकदा गायलात की मला लगेच कळायचं."

बोलले आणि जीभ चावली. काका रागावले नाहीत. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि कानाशी म्हणाले, "म्हणूनच तुला कळत नव्हतं."

याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. पण काही महिन्यांनी अशाच एका दुपारी गाता गाता मी निषादावर थांबले आणि तिथून एका वेगळ्याच वाटेने खाली आले. ती जागा काकांनी कधी दाखवली नव्हती. पेटी थांबली.

"हे कुठून आणलंस?"

"माहीत नाही, काका."

त्यांनी पेटीची एक पट्टी दाबली आणि दाबूनच ठेवली. काकूंना हाक मारण्याची त्यांची ती पद्धत झाली होती. काकू कणकेचे हात घेऊन बाहेर आल्या. "हिचं ऐक," काकांनी खुणेने सांगितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "गा परत." त्या दिवशी ते पहिल्यांदा "छान" म्हणाले. गॅलरीत बाबांनी पेपर खाली ठेवला होता.

त्यानंतर आम्हाला बरीच वर्षं मिळाली. शेवटी आजार छातीत उतरला, तेव्हा काका पलंगावर उशीला टेकून शिकवायचे. पेटी वाजवण्याची ताकद उरली नव्हती, तेव्हाही हात हलायचा. एके दिवशी सकाळी काकूंचा फोन आला. बाबांनी ऐकून घेतलं, "तो गेला," एवढंच मला सांगितलं आणि बूट घालायला बसले. नाड्या त्यांच्याच्याने बांधवेनात, म्हणून मी बांधल्या.

वैकुंठ स्मशानभूमीतून परतल्यावर मला वाटलं, आता त्या घरी जायला काही निमित्त उरलं नाही. पण तेराव्यानंतर काकूंनी मला बाजूला घेतलं.

"शनिवारची येत जा," त्या म्हणाल्या. "मला त्यातलं काही कळत नाही. पण घरात कुणी गात नसलं की दुपार सरत नाही."

आता मी शनिवारी जाते. जेवणं झाली की काकू आतल्या खोलीत आडव्या होतात आणि मी बाहेर बसून रियाज करते. कधी एखादी जागा अडते, तेव्हा "नाही" म्हणणारं समोर कुणी नसतं. थांबायचं आणि पुन्हा म्हणून बघायचं. रियाज संपेपर्यंत काकूंना बहुतेक झोप लागलेली असते. मी पंखा एकने कमी करते आणि दार ओढून घेऊन जिना उतरते.