वास्त्यांचं पहिलं पाणी

वास्त्यांचं पहिलं पाणी मी फेकलंच नाही. बांबूचे हे कोवळे कोंब भारी कडू; उकळून ते पाणी सांडायचं असतं, हे आमच्या चांदा जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला नव्हतं. मी गोंडपिपरीच्या शाळेत सातवीला पहिला आलो होतो, आणि अशा हुशार मुलाला घरी चुलीपाशी कोण फिरकू देतं? आलापल्लीच्या लाकूड डेपोत कारकून लागलो, त्याच पावसाळ्यात जंगलखात्यातल्या नाकेदार सोमाजीभाऊंना जेवायला बोलावलं. पहिल्याच घासाला ते उठून बाहेर थुंकून आले.

"मुन्शी, मले माराचा इचार हाय का तुहा?"

मग स्वतःच्या डब्यातली जवसाची चटणी आणून त्यांनीच मला जेवू घातलं. "एक ताट वास्ते उधार राह्यले तुह्यावर. मी शिकवतो, मंग खाऊ घाल."

सोमाजीभाऊ सिंदेवाहीकडचे, पन्नाशीला टेकलेले. बायको गिरजा गावी, धानाच्या शेतीवर. मिशी अशी की बिबट्यानं वाट सोडावी. पण फोडणीत लसूण टाकताना हा माणूस श्वास रोखून धरायचा.

रोज संध्याकाळी शिकवणी. "झाकण काऊन उघडतं घडीघडी? भात का पळून जाते?" दसऱ्यापर्यंत माझा हात बसला. माझ्यासाठी एवढं कशाला करता, असं एकदा विचारलं, तर म्हणाले, "परक्या गावी आपली चूल आपल्याले आली पाह्यजे, बाबू." माझे डोळे भरून आले. धूर झाला, असं मी सांगितलं.

दिवाळीच्या तोंडावर रेंजरसाहेबांबरोबर जंगलात तळ पडला. सणाला सगळ्यांना सुटी, फक्त साहेबांना रांधून घालणाऱ्या एकानं राहायचं. अकरा वर्षं सोमाजीभाऊच राहत आले होते, त्यामुळे मी निर्धास्त. माझ्या बहिणीची, वच्छलाची, लग्नानंतरची पहिली भाऊबीज होती. तेवढ्यासाठी ती सासरहून येणार होती.

सुटीच्या आदल्या दिवशी सकाळी सोमाजीभाऊंच्या रश्श्यात मीठ दोनदा पडलं. साहेबांनी ताट सरकवलं.

"वय झालं साहेब, ध्यान राह्यत नाई," भाऊ मान खाली घालून म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "मुन्शी, आता तुहा हात दाखव."

मी दाखवला ना! वांग्यात सुके झिंगे घातले, भात मोकळा उतरवला. साहेबांनी दोनदा मागून घेतलं.

"मंग यालेच राहू द्या, साहेब," सोमाजीभाऊ हळूच म्हणाले. साहेबांनी मान डोलावली. भाऊंचं गाठोडं आधीच बांधून तयार होतं.

मी वाटेत आडवा गेलो. "भाऊ, तुमाले माहीत होतं. वच्छला वाट पाहून राह्यली."

"माही गिरजा अकरा वर्षं पाहून राह्यली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मीठ बेतानं टाकजो," म्हणाले आणि चालू लागले.

भाऊबीजेला मी साहेबांसाठी कोंबडी रांधली. झकास झाली, असं साहेब म्हणाले. मला चव लागली नाही. तिकडे वच्छला दिवा विझेपर्यंत तबक घेऊन बसली होती. ते ती अजून ऐकवते.

सोमाजीभाऊंनी तिकडूनच बदली करून घेतली. दोन पावसाळे झाले. वास्ते मला आता उत्तम जमतात. ते एक ताट मात्र माझ्याकडे बाकीच आहे. भाऊ आले तर पाटावर बसवून वाढीन. पहिलं पाणी सांडायचं की नाही, ते तेव्हाचं तेव्हा पाहू.