मुखवट्याच्या आत

मोखाड्याच्या स्टँडजवळ त्याचं पंक्चरचं दुकान होतं. मी सायकल टेकवून म्हणायचो, "हवा भरायचीय." तोही ट्यूबकडे बघत म्हणायचा, "हवा भरायचीय, हवा भरायचीय." माझ्याकडे कधी बघायचा नाही. मला ते बरं वाटायचं. शाळेत शिकवताना दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघून, हसायच्या जागी हसून मी पार थकलेला असायचो.

बोहाड्याच्या उत्सवात रात्रभर देवा-दैत्यांची मुखवटे घातलेली सोंगं निघत, त्यातलं राक्षसाचं सोंग त्याच्या घरचं. मुखवटा चढला की संबळाच्या तालावर तो लोकांच्या अंगावर धावून जायचा, थेट डोळ्यांत बघायचा.

एकदा बोहाडा संपल्यावर सकाळी तो मोहाच्या झाडाखाली बसला होता, मुखवटा तसाच.

"काढत का नाहीस?" मी विचारलं.

"काढत का नाहीस," तो म्हणाला. मग मुखवट्याची दोरी सोडत, "गुरुजी, तुमी घालून बघा."

त्यानं मुखवटा उतरवून माझ्या तोंडावर ठेवला. आत कागद चिकटवायच्या खळीचा आणि घामाचा वास होता. मोहाची फुलं पडत होती, त्यांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा येत होता. माझा चेहरा हळूहळू सैल पडला. त्या चेहऱ्याला आता कुणासाठीच काही करायचं नव्हतं.

चाळिशी उलटल्यावर नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्याबद्दल 'स्वमग्नता', म्हणजे ऑटिझम, हा शब्द वापरला, तेव्हा मला खळीचा वास आला.