त्या दिवशी वैजू वाकली नाही

अगं मुग्धा, इकडे सरक, जवळ बस. आणि आधी पाय त्या स्टुलावर घे. न्यू टाउनच्या ऑफिसात दिवसभर पाय लोंबकळत ठेवून बसतेस, मधे उठून चार पावलं टाकायला काय होतं तुला? घोट्यावर मोज्याचा वळ बघ केवढा उमटलाय. रागवत नाही गं. वैजूचं सांगते, ऐक.

वैजू माझी पेशंट. तिचे यजमान शरदराव बँकेत, नागपूरहून बदलीवर इथे डमडमला आलेले. तिच्या दोन्ही पायांना संध्याकाळपर्यंत सूज यायची. शिरांतल्या झडपा ढिल्या पडल्या की रक्त वर चढायला कुरकुरतं आणि पाणी खाली साठतं. ते हाताने वर सरकवायचं, हे माझं काम. लिंफॅटिक ड्रेनेज म्हणतात. लोक त्याला मालिश समजतात. पण यात रगडायचं नसतं. मांजराच्या पाठीवरून फिरवावा इतका हलका हात. आधी मान, मग जांघ, पाय शेवटी. मोरीचं तोंड मोकळं केल्याशिवाय पाणी सोडून काय उपयोग?

वैजूला एकच संकोच. मी वयाने मोठी, आणि मी तिच्या पायाला हात लावायचा. म्हणून टेबलावर चढण्याआधी ती दर वेळी वाकून मला नमस्कार करायची.

"मावशी, पाप आधीच फेडून टाकते."

"फेड बाई, पण कंबर सांभाळून."

त्या दिवशी आली ती थेट खुर्चीतच बसली. आदल्या दिवशी नागपूरहून परतली होती, सगळा प्रवास खिडकीशी बसून.

"मावशी, आज जरा जोर लावा. डावी पोटरी दगड झालीय."

"आणि उजवी?"

"ती बरी आहे."

तिची सूज कधी एका पायाला यायचीच नाही. टेप लावली. डावी पोटरी चांगलीच जाड. हाताची मागची बाजू नुसती टेकवली, तर गरम. आणि बोलता बोलता ती मधेच श्वास घ्यायला थांबत होती. एकच जिना चढून आलेली बाई.

"वैजू, तू आज वाकली नाहीस."

"वाकवेना मावशी. छातीत भरून येतंय."

एकच पाय अचानक सुजलेला, गरम, दुखरा, वर ही धाप. शिरेत रक्ताची गाठ असू शकते. तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला, तर माणूस बोलता बोलता जातं. अशा पायाला हात लावायचा नाही.

तिच्यासोबत आलेले शरदराव घड्याळ बघत होते. "मावशी, हलक्या हाताने करून टाका ना. तुमचा हात हलकाच असतो."

"नाही करणार."

"अहो, प्रवासाची सूज आहे..."

"शरदराव, तुम्ही गप्प बसा."

आमच्या क्लिनिकच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "दीदी, पैर मत छूना, चलने भी मत देना. मैं ॲम्ब्युलन्स भेजता हूँ."

मग वाट बघणं. खाली टोटोवाल्यांचे, म्हणजे बॅटरीच्या रिक्षावाल्यांचे भोंगे, त्यात ॲम्ब्युलन्सचा आवाज काही येईना. वैजूचा हात धरून मी तिच्या छातीकडे बघत बसले. एक श्वास गेला की दुसरा येईपर्यंत माझा अडकायचा.

शरदरावांनी मला दाराशी बोलावलं. ओठ पांढरे. "काल गाडीत मीच पाय रगडून दिला तिचा. चांगला ताकद लावून. त्याने काही..."

"डॉक्टरांना हे जसंच्या तसं सांगा," एवढंच म्हटलं.

ॲम्ब्युलन्सच्या माणसांनी तिला खुर्चीसकट खाली नेलं. डॉपलर केलं, म्हणजे शिरांची सोनोग्राफी. पोटरीत गाठ निघाली, आणि एक बारीक तुकडा फुप्फुसात पोचलेला. वैजू वाचली. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेऊन घरी आली. तुकडा कशाने सुटला, ते डॉक्टरही सांगू शकले नाहीत. शरदराव अजून बायकोच्या पायात सुजेवरचे घट्ट मोजे चढवतात ते काचेचं भांडं धरावं तसे.

तर धडा एवढाच. दोन्ही पाय सुजले तर डॉक्टरांना दाखवून माझ्याकडे ये. एकच सुजला तर माझ्याकडे येऊच नकोस, थेट हॉस्पिटल गाठ.

एरवी मात्र ये गं. आता किती दिवसांनी उगवलीस डमडमला. लवकर परत ये, आणि दारातच वाकून नमस्कार कर. आशीर्वाद देईनच, पण उठताना धाप लागते का, तेही बघेन.